आय-५ ३५७०के की एफएक्स-८३५०? एका जुन्या वादाचा आढावा

२०१२ च्या दिवाळीच्या सुमारास मध्यम बजेटमध्ये गेमिंगचा पीसी असेंबल करून घ्यायचा म्हटले, की चर्चा दोन प्रोसेसरांवर येऊन थांबायची. एक इंटेलचा कोअर आय-५ ३५७०के, दुसरा एएमडीचा एफएक्स-८३५०. पहिल्यात चार कोअर, दुसऱ्याच्या खोक्यावर आठ. किंमत साधारण एकाच पट्ट्यातली. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर चौकशीला गेलेल्या गिऱ्हाइकाला दुकानदार एक सांगे आणि सोबत आलेला जाणकार मित्र नेमके उलटे. दोघेही आपापल्या परीने बरोबर असत, म्हणूनच हा वाद लवकर मिटला नाही.

आज दोन्ही प्रोसेसर जुने झाले आहेत, पण सेकंडहँड बाजारात आणि अनेकांच्या घरातल्या कॅबिनेटमध्ये ते अजून चालू आहेत. शिवाय त्या वादातून निघालेले प्रश्न आजच्या खरेदीतही येतातच: कोअर कशाला म्हणायचे, गेमचा वेग कसा मोजायचा आणि आजच्या चाचणीवरून चार वर्षांनंतरचे किती सांगता येते. वादाची पार्श्वभूमी, दोन्ही बाजूंचे म्हणणे आणि अजून न सुटलेले मुद्दे या क्रमाने हा आढावा घेतला आहे.

पार्श्वभूमी

२००३ मध्ये आलेल्या अ‍ॅथलॉन ६४ ने एएमडीला काही वर्षे इंटेलच्या पुढे ठेवले होते. २००६ मध्ये इंटेलने कोअर २ मालिका आणली आणि पारडे फिरले. जानेवारी २०११ मध्ये सँडी ब्रिज पिढी आली, तेव्हा इंटेलची आघाडी आणखी वाढली. त्या पिढीतला आय-५ २५००के गेम खेळणाऱ्यांचा लाडका झाला. ३५७०के हा त्याचाच वारसदार. तो एप्रिल २०१२ मध्ये आयव्ही ब्रिज पिढीत आला.

एएमडीने याला उत्तर म्हणून पूर्णपणे नवी रचना केली, तिचे नाव बुलडोझर. ऑक्टोबर २०११ मध्ये एफएक्स-८१५० बाजारात आला आणि अपेक्षाभंग झाला. काही कामांत तो एएमडीच्याच जुन्या सहा कोअरच्या फेनॉम II मालिकेपेक्षाही मागे पडत होता. विंडोज ७ ला ही रचना नीट उमजत नसल्याने कामाचे वाटप चुकते, असे कारण पुढे आले. मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०१२ मध्ये त्यावर दुरुस्तीही दिली, पण फरक किरकोळच पडला. वर्षभराने, २३ ऑक्टोबर २०१२ रोजी, त्याच रचनेची सुधारलेली पाइलड्रायव्हर आवृत्ती घेऊन एफएक्स-८३५० आला. क्लॉक वाढला होता आणि किंमत उतरली होती. ८१५० अमेरिकेत २४५ डॉलरला आला होता, ८३५० आला १९५ डॉलरला. ३५७०के त्याच्यापेक्षा थोडा महाग होता. खरा सामना इथून सुरू झाला.

दोन चिप, दोन विचार

कागदावरचे आकडे आधी पाहू. ३५७०के मध्ये चार कोअर आणि चारच थ्रेड. बेस क्लॉक ३.४ गिगाहर्ट्झ, टर्बो ३.८, तिसऱ्या पातळीची कॅशे ६ एमबी, उष्णतेचे रेटिंग ७७ वॅट. चिप २२ नॅनोमीटर प्रक्रियेवर बनलेली आणि आतच एचडी ४००० ग्राफिक्स. एफएक्स-८३५० चा बेस क्लॉक ४ गिगाहर्ट्झ, टर्बो ४.२. दुसऱ्या आणि तिसऱ्या पातळीची कॅशे प्रत्येकी ८ एमबी, रेटिंग १२५ वॅट, प्रक्रिया ३२ नॅनोमीटरची. आत ग्राफिक्स नाही, त्यामुळे वेगळे कार्ड किंवा ग्राफिक्स असलेला मदरबोर्ड लागतोच. एएमडीची चिप आकाराने इंटेलच्या जवळजवळ दुप्पट: ३१५ चौरस मिलिमीटर विरुद्ध १६०. म्हणजे एएमडी अधिक सिलिकॉन खर्चून ते कमी किमतीला विकत होती.

आकड्यांपेक्षा मोठा फरक रचनेत होता. इंटेलचा प्रत्येक कोअर स्वयंपूर्ण: सूचना आणणे, त्या उलगडणे, पूर्णांकांची आणि दशांशांची गणिते, सगळे ज्याचे त्याच्याकडे. एएमडीने दोन-दोन कोअरची जोडी केली आणि तिला मॉड्यूल म्हटले. एफएक्स-८३५० मध्ये अशी चार मॉड्यूल आहेत. मॉड्यूलमधल्या दोन्ही कोअरना पूर्णांकांच्या गणिताची यंत्रणा स्वतंत्र, पण सूचना आणून उलगडणारा भाग, दशांश गणिताचा भाग आणि २ एमबीची कॅशे दोघांत मिळून एक. भिंत बांधायला दोन गवंडी लावले, पण विटा आणि माल पुरवायला बिगारी एकच ठेवला, अशी ही व्यवस्था. काम संथ असेल तेव्हा अडत नाही. दोन्ही गवंडी भराभर काम करू लागले की एकाला थांबावे लागते.

एएमडीचा हिशोब असा होता, की सॉफ्टवेअर दिवसेंदिवस जास्त थ्रेडमध्ये वाटले जाईल, तेव्हा थोडे हलके पण संख्येने जास्त कोअर फायद्याचे ठरतील आणि उरलेली कसर चढ्या क्लॉकने भरून निघेल. इंटेलचा हिशोब होता, की बहुतेक कामे एक-दोन थ्रेडवरच अडतात, तेव्हा प्रत्येक कोअरने दर क्लॉकमागे जास्तीत जास्त काम उरकावे. पुढचा सगळा वाद या दोन हिशोबांचा आहे.

सिनेबेंच ११.५ या चाचणीत तो सरळ दिसतो. एकच थ्रेड चालवला तर एफएक्स-८३५० चे गुण १.१ च्या आसपास येतात आणि ३५७०के १.५ च्या पुढे जातो. सगळे थ्रेड चालवले तर एफएक्स सुमारे ६.९ आणि आय-५ सुमारे ६. क्लॉक कमी असूनही एका थ्रेडमध्ये इंटेल चाळीस टक्क्यांच्या आसपास पुढे, तर सगळे कोअर जुंपल्यावर एएमडी पंधरा टक्क्यांच्या आसपास पुढे.

गेमिंग: इंटेलच्या बाजूचे म्हणणे

२०१२ पर्यंतचे बहुतेक गेम एका मुख्य थ्रेडवर विसंबून होते. बाकीचे थ्रेड आवाज, फाइल वाचणे अशी दुय्यम कामे करत. स्टारक्राफ्ट II आणि स्कायरिम ही याची नेहमी दिली जाणारी उदाहरणे. स्टारक्राफ्टमध्ये पडद्यावर सैन्याची गर्दी झाली, की फ्रेमचा वेग एका थ्रेडच्या ताकदीवर ठरतो. तिथे एफएक्सचे निम्मे कोअर रिकामे बसत आणि जो एक कोअर घाम गाळत असे, तो इंटेलपेक्षा हळू. अशा गेममध्ये ३५७०के स्पष्टपणे पुढे होता.

याला एएमडी समर्थकांचे उत्तर असे, की हा फरक महागडे ग्राफिक्स कार्ड लावून आणि रिझोल्यूशन खाली आणूनच दिसतो. सामान्य माणूस मध्यम कार्डावर १०८० पीला खेळतो, तिथे वेग कार्डाने अडवलेला असतो आणि दोन्ही प्रोसेसर सारखेच वाटतात. प्रोसेसरवर वाचलेले पैसे कार्डात घालावेत. हे म्हणणे बऱ्याच अंशी खरे होते. इंटेलच्या बाजूचे त्यावर म्हणत, की कार्ड दोन-तीन वर्षांनी बदलले जाते, प्रोसेसर बदलला जात नाही. आज झाकलेला फरक नवे कार्ड लावल्यावर उघडा पडेल. हेही खरे होते.

मल्टिटास्किंग: एएमडीच्या बाजूचे म्हणणे

व्हिडिओ एन्कोडिंग, फाइली झिप करणे, थ्रीडी रेंडरिंग, मोठा प्रोग्रॅम कंपाइल करणे या कामांत एफएक्स-८३५० आय-५ च्या पुढे जाई. एक्स२६४ एन्कोडिंगसारख्या कामात तर तो बऱ्याच महाग असलेल्या आय-७ ३७७०के च्या जवळ पोहोचत असे. ज्याची रोजीरोटी लग्नाचे व्हिडिओ एडिट करण्यावर आहे आणि जो संध्याकाळी तासभर गेम खेळतो, त्याच्यासाठी हा युक्तिवाद वजनदार होता.

याच सुमारास गेम खेळता खेळता थेट प्रक्षेपण करण्याची पद्धत वाढू लागली. तेव्हा गेम आणि एन्कोडिंग ही दोन्ही कामे प्रोसेसरवरच येत. चार थ्रेडचा आय-५ दोन्हीकडे ओढला जाई, आठ थ्रेडच्या एफएक्सला थोडी उसंत मिळे. २०१३ च्या सुरुवातीला एका यूट्यूब वाहिनीने नेमकी अशी तुलना करून एफएक्सला झुकते माप दिले आणि त्यावर मोठा गदारोळ झाला. चाचणीचे आकडे इतरांच्या आकड्यांशी जुळत नाहीत, अशी टीका झाली. शिवाय इंटेलच्या चिपमधल्या क्विक सिंकने आणि २०१३ च्या अखेरीस एनव्हिडिया कार्डांवर आलेल्या शॅडोप्लेने हे एन्कोडिंग प्रोसेसरवरून काढून घेता येऊ लागले. चित्राचा दर्जा त्यात थोडा कमी मिळे, पण एफएक्सच्या फायद्याची धार बोथट झाली.

मल्टिटास्किंगच्या चर्चेत एक गोष्ट दोन्ही बाजूंकडून राहून जाई. घरच्या वापरात वीस टॅब, मागे अँटिव्हायरस आणि त्यावर गेम असा पसारा मांडल्यावर पीसी हँग होई, तो बहुतेक वेळा प्रोसेसरमुळे होत नसे. चार जीबी रॅम भरून जाई आणि मग हार्ड डिस्कची घरघर सुरू होई. आठ जीबी रॅम आणि एक साधी एसएसडी लावली, की दोन्ही मशीन सुधारत. त्याने रोजच्या वापरात पडणारा फरक आय-५ आणि एफएक्स यांच्यातल्या फरकापेक्षा मोठा असे.

व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्यांसाठी एफएक्सकडे आणखी एक जमेची बाजू होती. ग्राफिक्स कार्डासारखे उपकरण थेट व्हर्च्युअल मशीनला जोडून देण्याची सोय ९९० एफएक्स चिपसेटच्या बोर्डांवर मिळे. इंटेलने ती व्हीटी-डी नावाची सोय ३५७०के मधून काढून टाकली होती, साध्या ३५७० मध्ये मात्र ठेवली होती.

मोजायचे काय?

वादाचा बराचसा गुंता मोजमापातून आला. २०११ पर्यंत परीक्षणांत सेकंदाला सरासरी किती फ्रेम, म्हणजे एफपीएस, एवढेच दिले जाई. सप्टेंबर २०११ मध्ये ‘द टेक रिपोर्ट’च्या स्कॉट वॉसन यांनी प्रत्येक फ्रेमला किती मिलिसेकंद लागले हे मोजून मांडायला सुरुवात केली.

फरक एका हिशोबाने कळेल. एका सेकंदात ५८ फ्रेम प्रत्येकी १५ मिलिसेकंदांत आल्या, तर त्यांना ८७० मिलिसेकंद लागले. पुढची एकच फ्रेम १३० मिलिसेकंद अडकली. सेकंद पूर्ण झाला, फ्रेम झाल्या ५९. सरासरी ५९ एफपीएस, म्हणजे उत्तम. पण खेळणाऱ्याला त्या १३० मिलिसेकंदांचा झटका स्पष्ट जाणवतो आणि नेमक्या त्याच क्षणी समोरचा गोळी घालतो. सरासरीत हा झटका कुठेच दिसत नाही.

फ्रेमचा वेळ मोजू लागल्यावर सुरुवातीला एफएक्सची बाजू आणखी लंगडी दिसली, कारण एका थ्रेडवर भार आला की त्याचीच फ्रेम जास्त लांबे. पुढे याच मोजमापाने चार थ्रेडच्या आय-५ ची दुखरी जागाही दाखवली.

भविष्याचा मुद्दा

एएमडीच्या बाजूचा सर्वांत मोठा युक्तिवाद पुढच्या काळाचा होता. नोव्हेंबर २०१३ मध्ये प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वन आले. दोन्हींत एएमडीचे आठ कोअर, तेही कमी क्लॉकचे. आता गेम बनवणाऱ्यांना काम आठ कोअरांत वाटणे भागच पडेल आणि एफएक्सचे दिवस येतील, असे म्हटले गेले.

याची चुणूक आधीच मिळाली होती. फेब्रुवारी २०१३ च्या क्रायसिस ३ मधल्या गवताळ रानाच्या टप्प्यात हलणाऱ्या गवताचा भार प्रोसेसरवर पडतो आणि तो अनेक थ्रेडांत वाटला जातो. तिथे एफएक्स-८३५० आय-५ च्या खांद्याला खांदा लावून उभा राहिला. बॅटलफील्ड ४ च्या ६४ खेळाडूंच्या लढाईतही त्याची कामगिरी चांगली होती. एएमडीने मँटल हा स्वतःचा ग्राफिक्स इंटरफेस आणून प्रोसेसरवरचा बोजा कमी करण्याचा प्रयत्न केला. २०१५ चे डायरेक्टएक्स १२ आणि २०१६ चे व्हल्कन त्याच दिशेने गेले. व्हल्कनचा तर पायाच मँटलचा.

मग एफएक्सचे दिवस आले का? इथे दोन वाचने आहेत. पहिले असे, की २०१६-१७ नंतर अ‍ॅसॅसिन्स क्रीड ओरिजिन्ससारख्या गेममध्ये चार थ्रेडचे आय-५ शंभर टक्के भरून जाऊ लागले आणि खेळ अडखळू लागला. अशा काही ठिकाणी एफएक्स सरासरीत मागे असला, तरी त्याच्यावरचा खेळ कमी अडखळतो, असे अनुभव नोंदवले गेले. दोघांतले अंतर २०१२ च्या तुलनेत नक्कीच घटले. दुसरे वाचन असे, की अंतर घटेपर्यंत दोघेही नव्या गेमना अपुरे पडू लागले होते. एफएक्सचे कोअर संख्येने पुरले, पण वेगाने कमीच पडले. दोन्ही वाचने त्याच आकड्यांवर उभी आहेत. मालकाने प्रोसेसर किती वर्षे वापरला, यावर त्याला कोणते पटते ते ठरते.

२०१८ च्या जानेवारीत आणखी एक गोष्ट घडली, जी २०१२ मध्ये कोणीच हिशोबात धरली नव्हती. मेल्टडाउन आणि स्पेक्टर या सुरक्षेतल्या त्रुटी जाहीर झाल्या. मेल्टडाउन इंटेलला लागू होती, एएमडीला नव्हती, स्पेक्टर दोघांनाही. आयव्ही ब्रिजनंतरच्या हॅसवेल पिढीच्या आणि त्याआधीच्या इंटेल प्रोसेसरांवर दुरुस्तीमुळे वेग जास्त घटेल, असे मायक्रोसॉफ्टनेच सांगितले. ३५७०के त्याच गटातला. गेमवर परिणाम थोडा, पण डिस्कवर सतत वाचन-लेखन करणाऱ्या कामांत तो जास्त.

खर्च आणि वीज

प्रोसेसर स्वस्त म्हणून पीसी स्वस्त पडे असे नाही. एफएक्स-८३५० ला १२५ वॅट झेपेल असा मदरबोर्ड आणि चांगला एसएमपीएस लागे. जुन्या ७६० जी चिपसेटच्या स्वस्त बोर्डांवर वीजपुरवठ्याचे भाग तापत आणि प्रोसेसर आपोआप क्लॉक उतरवी. इंटेलकडे वेगळी अडचण. ओव्हरक्लॉक करायचे तर झेड७७ चा महाग बोर्ड हवा. स्वस्त एच६१ वर ‘के’ अक्षराचे जादा पैसे वाया. त्यातही आयव्ही ब्रिजमध्ये इंटेलने झाकणाखाली डाखाऐवजी थर्मल पेस्ट वापरली होती, त्यामुळे ओव्हरक्लॉक केल्यावर तो सँडी ब्रिजपेक्षा जास्त तापे.

विजेचा हिशोब मात्र एकतर्फी आहे. पूर्ण भाराखालचा फरक ८० वॅट धरला आणि रोज चार तास तसा वापर धरला, तर दिवसाला ०.३२ युनिट, वर्षाला सुमारे ११७ युनिट जास्त. ज्यांचा वापर वरच्या टप्प्यात जातो, त्यांच्या वीजबिलात हे दिसते. लोडशेडिंगच्या गावात तर यूपीएस किती मिनिटे तग धरतो, यातच फरक पडे.

अपग्रेडच्या बाबतीतही इंटेलचे पारडे जड राहिले. त्याच बोर्डावर पुढे सेकंडहँड आय-७ ३७७० बसवून आठ थ्रेड मिळवता आले. एएमडीच्या एएम३ प्लस सॉकेटवर रचनेची पुढची पिढी आलीच नाही. २०१३ चा एफएक्स-९५९० आला, पण तो २२० वॅटचा आणि मोजक्याच बोर्डांवर चालणारा.

कोर्टात गेलेला कोअर

आठ कोअर खरेच आठ आहेत का, हा वाद नोव्हेंबर २०१५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या फेडरल कोर्टात गेला. मॉड्यूलमधले भाग सामाईक असल्याने एएमडीने ग्राहकांची दिशाभूल केली, असा दावा होता. कोअर म्हणजे काय याची सर्वमान्य व्याख्या नाही आणि आठ स्वतंत्र पूर्णांक यंत्रणा असलेल्या चिपला आठ कोअरची म्हणणे योग्यच, ही एएमडीची बाजू. २०१९ मध्ये १ कोटी २१ लाख डॉलरची तडजोड झाली. चूक कबूल झाली नाही आणि न्यायालयाने व्याख्याही दिली नाही.

काय ठरले, काय उरले

काही गोष्टींवर आता फारसे दुमत नाही. २०१२ ते २०१५ या काळात निव्वळ गेमसाठी ३५७०के सरस होता. अनेक थ्रेड वापरणाऱ्या कामात त्याच पैशांत एफएक्स-८३५० जास्त देई. मॉड्यूलची कल्पना एएमडीनेच सोडून दिली. मार्च २०१७ मध्ये आलेल्या रायझनमध्ये प्रत्येक कोअर पुन्हा स्वयंपूर्ण होता. पण जास्त कोअर लागतील हा एएमडीचा अंदाज मात्र खरा ठरला. वेळेआधी आणि कमकुवत कोअर घेऊन ती मैदानात उतरली, एवढेच.

उरलेले प्रश्न मोठे आहेत. कोअरची व्याख्या अजून नाही. इंटेलने नोव्हेंबर २०२१ पासून एकाच डेस्कटॉप चिपमध्ये ताकदवान आणि काटकसरी असे दोन प्रकारचे कोअर द्यायला सुरुवात केली. काटकसरी कोअर चार-चारच्या गटात एक कॅशे वापरतात आणि खोक्यावर सगळ्यांची बेरीज छापली जाते. सुरुवातीला काही गेम त्या कोअरांवर गोंधळलेही, जसा विंडोज ७ बुलडोझरवर गोंधळला होता. दुसरा प्रश्न कमी रिझोल्यूशनवरच्या चाचणीचा. ती प्रोसेसरची आजची ताकद दाखवते, पण उद्याचे गेम किती थ्रेड वापरतील हे तिला कळत नाही. तिसरा प्रश्न, एकाच वेळी अनेक कामे करण्याची सर्वांना मान्य होईल अशी चाचणी आजही नाही, कारण प्रत्येकाची कामे वेगळी.

यांपैकी एखादा प्रोसेसर ज्यांच्याकडे आहे, त्यांच्यासाठी दोन शब्द. विंडोज ११ या दोहोंवर अधिकृतपणे चालत नाही आणि विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. दोहोंत एव्हीएक्स२ हा सूचनासंच नसल्याने तो मागणारे नवे गेम सुरूच होणार नाहीत. एसएसडी लावून, लिनक्स टाकून अभ्यासाला, ऑफिसच्या कामाला आणि जुन्या गेमना ही मशीन खुशाल वापरावीत. सेकंडहँड घ्यायचाच झाला तर आय-५ घ्यावा. एफएक्स फक्त बोर्डासकट जवळजवळ फुकट मिळत असेल आणि वीजबिलाची फिकीर नसेल तरच. नवे महाग ग्राफिक्स कार्ड मात्र या दोहोंपैकी कशालाही जोडू नये; ते पैसे नव्या प्रोसेसरसाठी राखून ठेवावेत.